एकसष्ट सेकंदांची फेरी

सत्तेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे, तरी तिला सगळे छोटीच म्हणायचे. भाऊ म्हणायचा, वहिनी म्हणायची, आणि त्यांचं ऐकून गावभरचे दातांचे डॉक्टरही फोनवर ‘छोटीताई आहेत का’ असंच विचारायचे. ती आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मिळून लॅब चालवायचे. लॅब म्हणजे रक्तबिक्त तपासायची नव्हे, दातांची. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचा, आणि या दोघांनी त्यावरून दात करून द्यायचे. दाढा आणि कवळ्या दादाकडे, पुढचे दात छोटीकडे.

पुढचे दात करणं म्हणजे खायचं काम नाही. पोर्सलिनची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशच्या टोकावर उचलायची आणि धातूच्या टोपीवर थरावर थर चढवायचा, तोही पूड सुकायच्या आत. हात जरा रेंगाळला की थर भट्टीत तडकतो. मग डॉक्टरचा फोन येतो, आणि त्या फोनवर छोटीताई वगैरे कुणी म्हणत नाही.

आता या दोघांची एक सवय सांगते. ती ऐकून दोघांचाही एखादा स्क्रू ढिला असावा असं वाटेल. रोज सकाळी भट्टी सुरू केली की ती तापायला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत हे दोघं पन्नाशीला टेकलेले लोक टीव्हीसमोर बसून होडीची शर्यत खेळायचे. टीव्हीखाली एक काळा डबा, डब्यात एक डिस्क, डिस्कमध्ये सात कालवे. हे दोघं नेहमी तिसराच कालवा घ्यायचे. सोळा फाटकं, मध्ये दोन भोवरे, शेवटी पडद्यावर सेकंदांचा आकडा. छोटीला एकसष्ट लागायचे, दादाला बासष्ट. ज्याला जास्त लागतील त्याने चहा करायचा. हे असं नऊ वर्षं चाललं होतं.

पण हा खेळ नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

लॅब मुळात त्यांच्या बाबांची. एक्कावन्नाव्या वर्षी बाबांना कंपवात झाला. लोकांना वाटतं कंपवात म्हणजे हात थरथरणं. ते नंतरचं. बाबांचा हात आधी मंदावला. दोन वर्षं तो मंदावत होता आणि घरात कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. थर तडकायला लागले, तर बाबांनी पुडीला दोष दिला, तीन कंपन्यांची पूड बदलून पाहिली, भट्टीवाल्याला बोलावून झापलं. हात थरथरला तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, हे दोन वर्षांपासूनचं आहे. दादाने विचारलं, आमच्यात उतरेल का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही, क्वचित उतरतो. ‘बहुतेक नाही’ हे शब्द डॉक्टरांच्या खोलीतच राहिले. घरी आला तो ‘क्वचित’.

तेव्हापासून दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की आपण बाबांसारखं बेसावध राहायचं नाही. हात मंदावला तर पहिल्या महिन्यात कळलं पाहिजे. आणि हात मोजायला त्या काळ्या डब्यासारखं दुसरं काही नव्हतं. तोच डबा, तोच कालवा, तीच सोळा फाटकं. बदलणार ते फक्त आपण.

गेल्या वर्षभरात एवढाच फरक पडला होता की दादा लवकर यायला लागला होता. छोटी दार उघडून आत यायची तोवर याची फेरी उरकलेली असायची आणि चहा तयार. ‘झाली माझी. बासष्ट,’ म्हणायचा. छोटीला आयता चहा मिळत होता, तिने कशाला नाक मुरडावं? पण एका शनिवारी ती म्हणाली, ‘दादा, असं एकेकट्याने खेळण्यात गंमत नाही रे. सोमवारपासून पूर्वीसारखं शेजारी बसून खेळू.’

सोमवारी ती आली तर टीव्हीखालची जागा रिकामी.

‘विकला,’ दादा म्हणाला. ‘जुना झाला होता, पंखा घरघर करायचा. आणि आता डबे बाळगायचे दिवस गेले, छोटे. सगळं तिकडे असतं, त्यांच्या मोठ्या मशीनवर. आपण नुसतं फोनवरून टीव्हीला जोडायचं, महिन्याला ठरलेले पैसे भरायचे. एक नाही, चारशे खेळ.’

‘चारशे खेळ घेऊन मी काय लोणचं घालू? मला एकच हवा आहे.’

‘तोही आहे की. मी बघूनच घेतलं. आणि लॅबमध्ये खेळायची गरजच नाही. तू तुझ्या घरी खेळ, मी माझ्या घरी. सकाळी आल्यावर आकडा सांगायचा, झालं.’

‘आणि डिस्क?’

‘तीपण गेली डब्याबरोबर.’

छोटीला राग आला. विचारायचं तरी होतंस, असं म्हणायला तिने तोंड उघडलंही. पण दादा इतक्या उत्साहाने तिच्या फोनवर खटाखट काय काय उतरवून देत होता की तिने तो राग गिळला. दादाचं कौतुक करण्यात तिचा जन्म गेला होता, ती खोड अशी एका दिवसात जाते थोडीच.

पहिल्या सकाळी घरी खेळली तर सहासष्ट.

नवीन आहे, सवय नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अडुसष्ट. तिसऱ्या दिवशी परत अडुसष्ट, वर होडी फाटकावर आपटली. तिने बटण वेळेवर दाबलं होतं, शपथेवर सांगितलं असतं तिने, पण होडी वळली ती उशिरा, कुणी ढकलल्यावर वळावी तशी. लॅबमध्ये येऊन तिने दादाला विचारलं, ‘तुझे किती?’

‘त्रेसष्ट,’ दादा म्हणाला. तो साच्यावरचं प्लास्टर खरवडत होता, मान वर केली नाही त्याने.

खेळ तोच, कालवा तोच. त्याचे त्रेसष्ट आणि आपले अडुसष्ट, तर मग बदललं काय?

आणि तो नवा प्रकार म्हणजे एक एक नखरा. एखाद्या सकाळी खेळायला बसलं की पडद्यावर यायचं, आपण रांगेत आहात, आपला क्रमांक एकशे बेचाळीस. घरबसल्या रांग! एखाद्या दिवशी चित्र असं धूसर व्हायचं की चष्मा पुसला तरी फाटकं दिसेनात. एकदा बाराव्या फाटकापाशी सगळं थांबलं आणि आपला वेळ संपला आहे अशी पाटी आली. एकदा तर होडीचा रंगच बदलला होता आणि भोवरा थोडा उजवीकडे सरकला होता. कुणी सरकवला, कधी, का, ते विचारायचं कुणाला? काळ्या डब्यात नऊ वर्षं भोवरा जागचा हलला नव्हता. इथे रात्रीत कुणीतरी येऊन कालवा खणून जात होतं आणि याच कालव्यावर छोटीला आपला हात मोजायचा होता.

तिने सगळे उपाय केले. नवऱ्याच्या मागे लागून घरचं नेट बदलून घेतलं, दादाकडे आहे तेच आणि तेवढ्याच वेगाचं. नवरा म्हणाला, ‘होडीसाठी एवढं?’ तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने फोन लावायला गेला. नवं नेट आलं. आकडा आला सदुसष्ट. दादाचे त्या दिवशी बासष्ट.

मग तिच्या पायाला भिंगरी लागली. एका जागी बसवेना. ब्लाउजची बटणं लावताना ती मनात आकडे मोजायची, मग काढून परत लावायची. बाबांचं अक्षर बारीक होत गेलं होतं, म्हणून हाती लागेल त्या पाकिटाच्या मागे ती सही करून बघायची. डॉक्टरांचे ठसे ज्या पाकिटांतून येतात, त्या सगळ्यांवर हिच्या सह्या. एका डॉक्टरने फोन करून विचारलं, ताई, हे पाकिटावर काय मंजूर केलंत? ती हसली आणि फोन ठेवल्यावर रडली. चालताना दोन्ही हात सारखे हलतात का, ते ती दुकानांच्या काचांत बघायची. एकदा बघता बघता एका खांबावर आपटली.

घरच्या डॉक्टरकडे ती गेली. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला लावली, हात फिरवायला लावले, जिना चढायला लावला. म्हणाले, मला तर ठणठणीत वाटता. पण बाबांनाही पहिली दोन वर्षं ठणठणीतच म्हणायचे सगळे. तिने मान डोलावली आणि एक शब्द खरा मानला नाही.

एकदा दुपारी एका नव्या नवरीचे पुढचे चार दात करताना तिचा ब्रश मध्येच थांबला. थांबला नव्हता, तिने तो थांबलाय का ते बघायला थांबवला होता. पण तेवढ्यात पूड सुकली. भट्टीतून दात बाहेर आले ते तडा घेऊन. छोटीने ते तळहातावर घेतले आणि दादासमोर जाऊन उभी राहिली.

‘दादा, माझं सुरू झालंय.’

दादाने दात पाहिले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ‘काहीतरीच काय. नेटचा दोष असेल. त्या प्रकारात उशीर होतो म्हणतात थोडा.’

‘मग तुला का होत नाही? आपलं नेट एकच आहे.’

दादाने टेबलावरचा ब्रश उचलून पाण्यात बुडवला, काही कारण नसताना. मग म्हणाला, ‘तू इतका विचार करू नकोस गं.’

हा काय जबाब झाला? पण छोटीला वाटलं, बिचारा हादरलाय. बाबांना भरवणारा हाच होता, शेवटची सहा वर्षं. आता बहिणीचंही करावं लागणार म्हणून याच्या तोंडचं पाणी पळालं असणार. उलट तिलाच त्याची कीव आली. तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या आठवड्यात तीन डॉक्टरांना कळवून टाकलं की पुढचे दात तूर्त दुसऱ्या लॅबला द्या. बावीस वर्षांचं काम तिने तीन फोनमध्ये सोडलं. शेवटचा फोन ठेवल्यावर ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, कारण तिला कुणी ऐकायला नको होतं.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी खेळ उघडला तर वर पिवळी पट्टी. हा खेळ तीस तारखेनंतर उपलब्ध नसेल.

सव्वीस तारीख होती. छोटी ती पट्टी बघतच राहिली. काळा डबा होता तेव्हा कुणाची हिंमत नव्हती सांगायची की तीस तारखेनंतर तुमची डिस्क चालणार नाही. आणि इथे चारशे खेळांतून हा एक त्यांनी उचलला आणि नेला. दुखणं किती वाढलं, दर महिन्याला किती वाढतंय, हे कळायचा तिचा एकमेव मार्ग होता तो. आकडा वाईट येत होता, पण येत तरी होता. आता अंधारात चाचपडायचं, बाबांसारखं. ती उठली, चपला घातल्या, आणि जुना डबा नाही तर तसला दुसरा कुठला तरी मिळवायचाच, असं ठरवून बाहेर पडली.

तिसऱ्या दुकानात काम झालं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. जुने टीव्ही, रेडिओ, खेळांची यंत्रं छतापर्यंत रचलेली. दुकानदार कानामागे टेस्टर खोचून बसला होता. तिने होडीच्या खेळाचं नाव सांगितलं.

‘आहे ना. डबा आणि डिस्क दोन्ही. दोन महिन्यांपूर्वी आलाय. विकला गेला नाही, कारण पंखा साफ करता करता माझी पाठ मोडली. आतून नुसती पांढरी पूड निघते. पिठाच्या गिरणीत ठेवला होता की काय कुणी.’

‘गिरणीत नाही. दातांच्या लॅबमध्ये,’ छोटी म्हणाली. तिने डबा हातात घेतला. डाव्या कोपऱ्यावर भट्टीच्या चिमट्याचा ओरखडा होता, तो तिनेच पाडला होता. ‘आमचाच आहे हा. आतलं सगळं पुसलंत का?’

‘गिऱ्हाईक आल्यावर पुसतो. लावून बघायचाय?’

त्याने टीव्हीला जोडून दिला. छोटीने तिसरा कालवा उघडला. तिचे हात घामेजले होते. हा डबा आता काय सांगेल त्यापुढे अपील नव्हतं. पहिल्या फेरीत चौसष्ट आले. तिने हात पदराला पुसले आणि परत खेळली. बटण दाबलं की होडी वळत होती. त्याच क्षणी, तिथल्या तिथे.

एकसष्ट.

तिने परत खेळून पाहिलं. एकसष्ट. मग ती त्या जुन्या टीव्हींच्या गर्दीत, एका परक्या माणसासमोर, हुंदके देऊन रडायला लागली. दुकानदाराने घाबरून स्टूल पुढे केलं, पाण्याची बाटली दिली. म्हणाला, ‘अहो, किंमत कमी करतो हवं तर.’

रडता रडता तिला हसू फुटलं. तिने त्याला सांगितलं की त्या नव्या प्रकारात मला सदुसष्ट लागायचे, मला वाटलं माझे हात गेले.

‘हात कशाला जातात? तिकडे तुम्ही बटण दाबलं की वायरीतून नुसता निरोप जातो. कुठल्या कुठे त्यांचं मशीन, तिथे होडी वळते, मग वळलेल्या होडीचं चित्र तुमच्याकडे परत येतं. तेवढ्यात भोवऱ्याने घेतली ना होडी. फाटकागणिक थोडं थोडं गेलं तरी सोळा फाटकांना पाचसहा सेकंद बसले. मी माझ्या घरच्या डब्यावर खेळलो तर चौसष्ट येतात, तिकडे सत्तर. सगळ्यांचं तसंच.’

‘माझ्या भावाला तिकडेही बासष्ट येतात,’ छोटी अभिमानाने म्हणाली. सवय.

दुकानदाराने टेस्टर कानामागून काढला. ‘वायरवर बासष्ट? ताई, तुम्हाला इथे एकसष्ट येतात आणि त्यांना तिथे बासष्ट? शक्य नाही. कुणाच्याच्याने शक्य नाही.’

हे तिने ऐकलं, पण ते आत उतरलं नाही. ती हवेत होती. डबा उराशी धरून ती लॅबपर्यंत जवळजवळ पळत आली. वाटेत तिने तीनपैकी दोन डॉक्टरांना फोन लावला, पुढचे दात पाठवा म्हणून. तिसऱ्याचा नंबर शोधताना तिचा अंगठा थांबला. बासष्ट. वायरवर.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. दादा साचे पोचवायला गेला होता. छोटीने डबा जागेवर ठेवला, जोडला. खेळात एक पान होतं, झालेल्या फेऱ्यांचं. नऊ वर्षांत तिने ते कधी उघडलं नव्हतं. आकडा रोज डोळ्यांसमोर यायचा, मग यादी कशाला बघायची? आज तिने उघडलं. नाव, तारीख, वेळ, सेकंद. दोनच नावं, छोटी आणि दादा.

तिचे एकसष्ट, एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. एखाद्या ओळीत विणल्यासारखे. आणि गेल्या वर्षीपासून दादाचे त्रेसष्ट. चौसष्ट. सहासष्ट. ज्या दिवसांत तो हसत बासष्ट सांगायचा आणि कप पुढे करायचा, त्या दिवसांतले सदुसष्ट, अडुसष्ट. एका सकाळी सहा ते सात या तासात अकरा फेऱ्या. अकराही दादाच्या. आणि तिच्या आजच्या दुकानातल्या फेऱ्या सोडल्या तर अगदी शेवटी एक रविवार. लॅब बंद असते रविवारी. त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दादाच्या तेवीस फेऱ्या होत्या. सगळ्यांत चांगली एकोणसत्तर. शेवटच्या तिन्हींसमोर आकडा नव्हताच, तिथे ‘अपूर्ण’ लिहिलं होतं.

त्याच्या आदल्या शनिवारी ती म्हणाली होती, शेजारी बसून खेळू.

छोटीला आधी भीती वाटली, मग दुःख झालं आणि मग भयंकर राग आला. तिघं एकदम दारात येऊन उभे राहिल्यासारखं झालं तिला, कुणाला आधी आत घ्यावं कळेना. ती खोलीभर येरझारा घालायला लागली. भट्टीचं झाकण उघडलं, मिटलं. ब्रश उंचीप्रमाणे लावले, परत विस्कटले. याला कळलं होतं. मला वाटत होतं माझा हात गेला, आणि हा समोर बसून बासष्ट सांगत होता. मी काम सोडलं तेव्हाही हा ब्रश पाण्यात बुडवत होता.

दादा आला. दारातच त्याला टीव्हीवरची यादी दिसली. त्याने किल्ल्या खिळ्याला अडकवल्या, दुसऱ्यांदा अडकवल्या, कारण पहिल्यांदा त्या अडकल्या नव्हत्या.

‘तुझे किती आले?’ त्याने विचारलं.

‘एकसष्ट.’

दादाने डोळे मिटले. ‘सुटलीस,’ तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, हे छोटीला आवाजावरून कळलं. त्यामुळे तिचा राग आणखीच भडकला.

‘दोन महिने, दादा. दोन महिने मी रोज सकाळी मेले. तीन डॉक्टर सोडले. पाकिटांवर सह्या करत बसायचे मी, दिसत होतं तुला.’

‘दिसत होतं.’

‘एकदा खरा आकडा सांगितला असतास तर मी तेव्हाच सुटले असते. एवढंच म्हणायचं होतंस की मलाही सत्तर येतात.’

‘रोज ठरवायचो.’

‘मग?’

दादा तिच्या खुर्चीवर बसला. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता, जणू तो हातच उत्तर देणार होता. ‘आधी मला वाटलं, डबा गेला की विषय संपेल. तू चार दिवस त्या नेटला शिव्या घालशील आणि सोडून देशील. मला वाटलं नव्हतं तू स्वतःवर घेशील. मग तू ते तडकलेले दात घेऊन आलीस आणि म्हणालीस, माझं सुरू झालंय. छोटे, मी वर्षभर एकट्याने वागवत होतो ते. बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकटा नव्हतो. तू घाबरलेली असायचीस ना, तेव्हा मला बरं वाटायचं.’

छोटीला वाटलं याच्या थोबाडीत द्यावी. हात उचललाही गेला असता. आजवर कुणी तिच्याशी इतकं वाईट वागलं नव्हतं आणि इतकं खरंही कुणी बोललं नव्हतं, आणि हे दोन्ही करणारा माणूस एकच होता, तिचा दादा, आणि तो एक्कावन्न वर्षांचा होता. बाबांचं जे वय होतं ते. त्याला माफ करायचं की नाही, हे तिला त्या दिवशी ठरवता येणार नव्हतं. तिने ठरवलंही नाही.

तिने कंट्रोलर उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

‘खेळ.’

‘आता कशाला? बघितलेस ना सगळे आकडे.’

‘आकडे बघितले. तुला खेळताना वर्षभरात बघितलेलं नाही. माझ्यासमोर खेळ.’

दादाने तिसरा कालवा उघडला. छोटी टीव्हीकडे बघत नव्हती, त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. पहिली तीन फाटकं बरी गेली. चौथ्याला अंगठा उठायला हवा होता तो उठला नाही. उठला तो होडी आपटल्यावर. पुढेही तसंच. त्याने मध्येच एकदा तिच्याकडे पाहिलं, थांबू का म्हणून. तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. त्याने सोळाही फाटकं पार केली. त्र्याहत्तर.

‘आता वायर नाही मध्ये,’ दादा म्हणाला.

‘नाही,’ छोटी म्हणाली. तिने दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या इतकी शेजारी बसली की तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं. ‘परत खेळ.’